हिरवा म्हणजे सुरक्षित? पैशाच्या व्यवहारातले रंग वाचताना

लाल सिलिंडर घरगुती वापराचा आणि निळा हॉटेल-उपाहारगृहाचा, हे आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. पिवळी नंबरपट्टी दिसली की गाडी भाड्याची, हेही लांबूनच कळते. मजकूर वाचण्याआधी रंग डोळ्यांत भरतो आणि आपले काम सोपे करतो. पण हा अर्थ रंगात मुळातून नसतो. तो कुणीतरी ठरवलेला असतो आणि ठरवणारा बदलला की अर्थही बदलतो. महाराष्ट्रात केशरी शिधापत्रिका म्हटले की कोणत्या उत्पन्नगटाचे कुटुंब ते चटकन ध्यानात येते. केरळात मात्र शिधापत्रिका पिवळ्या, गुलाबी, निळ्या आणि पांढऱ्या असतात, केशरी नसतेच. नोकरीसाठी राज्य बदललेल्या कुटुंबाला ही नवी भाषा पुन्हा शिकावी लागते.

बँक, म्युच्युअल फंड आणि मोबाइलवरचे व्यवहार यांतही अशीच रंगांची भाषा आहे. ती शिकून घेतली तर फायदा होतो. नुसत्या रंगावर भरवसा ठेवला तर कष्टाचे पैसे जाऊ शकतात. म्हणून पैशाच्या कोणत्याही कागदावर किंवा पडद्यावर रंग दिसला की मनात दोन प्रश्न विचारा: हा रंग नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आहे? आणि तो मला कोण दाखवतो आहे?

तबकडीवरचा काटा

म्युच्युअल फंडाच्या माहितीपत्रकावर मोटारसायकलच्या वेगमापकासारखी एक अर्धगोल तबकडी छापलेली असते. तिला रिस्कोमीटर म्हणतात. डाव्या टोकाला हिरवा, मध्ये पिवळा, पुढे नारिंगी आणि उजव्या टोकाला लाल. काटा जिथे असेल तितकी त्या योजनेची जोखीम.

ही तबकडी एका दिवसात आली नाही. २०१३ मध्ये सेबीने पहिल्यांदा फंडांच्या योजनांना रंगीत चौकोन लावायला सांगितले. मुद्दलाला जोखीम कमी असेल तर निळा, मध्यम असेल तर पिवळा आणि जास्त असेल तर तपकिरी. रंगाशेजारी त्याचा अर्थ शब्दांत लिहिण्याचेही बंधन होते. पण तपकिरी रंग पाहून सावध व्हावे, असे आपल्याकडे कुणाला वाटते? मातीचा, गुळाचा, लाकडाचा तो रंग. त्यात धोक्याची घंटा वाजत नाही. शिवाय तीन रंगांत तीनच पायऱ्या मावतात. २०१५ मध्ये हे चौकोन गेले आणि पाच पायऱ्यांची तबकडी आली. जानेवारी २०२१ पासून ‘खूप जास्त’ ही सहावी पायरी वाढली. डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक पायरीला कोणता रंग हेही ठरवून दिले गेले. आता पायऱ्या अशा आहेत: कमी, कमी ते मध्यम, मध्यम, मध्यमहून जास्त, जास्त आणि खूप जास्त.

या तबकडीचा पहिला प्रश्न लक्षात घ्या. फंडाने सध्या जे शेअर आणि रोखे घेऊन ठेवले आहेत त्यांची किंमत किती वरखाली होऊ शकते, कर्ज घेणारी कंपनी पैसे बुडवण्याची शक्यता किती, गरज पडल्यास ते विकायला किती अडचण येईल, अशा बाबींना गुण देऊन काटा ठरतो. म्हणजे तबकडी फंडाविषयी बोलते. तुमच्याविषयी तिला काहीच माहीत नसते. तुम्हाला पैसे कधी लागणार, घरात कमावणारे किती, अडीअडचणीची तरतूद वेगळी ठेवली आहे की नाही, हे कोणत्याही रंगात मावत नाही.

समजा, मुलीच्या कॉलेजची फी आठ महिन्यांनी भरायची आहे आणि ते पैसे तुम्ही लाल पायरीच्या योजनेत ठेवले. नेमक्या त्या महिन्यात बाजार खाली असेल तर तोट्यात विकण्याखेरीज मार्ग राहणार नाही. त्याच योजनेत तुम्ही निवृत्तीसाठी दरमहा थोडी रक्कम टाकत असाल आणि हातात वीस वर्षे असतील, तर लाल रंग म्हणजे ‘थांबा’ नव्हे. तो एवढेच सांगतो की वाटेत मोठे खड्डे लागतील, ते सोसायची तयारी आहे का? उलट वीस वर्षांचे सगळे पैसे हिरव्या पायरीत ठेवले तर तिथेही तोटा आहे, फक्त तो तबकडीवर दिसत नाही. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर आज शंभर रुपयांना मिळणारी वस्तू साधारण बारा वर्षांनी दोनशे रुपयांना मिळेल. पैसे तेवढ्या वेगाने वाढले नाहीत तर मुद्दल शाबूत राहूनही त्याची खरेदीची ताकद कमी होते.

लाल रंगाबद्दल आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. शेअरमध्ये गुंतवणूक करणाऱ्या बहुतेक सगळ्या योजनांचा काटा ‘खूप जास्त’ वरच असतो. देशातल्या सर्वांत मोठ्या पन्नास कंपन्यांचा निर्देशांक धरून चालणारा फंडही लाल आणि लहान लहान कंपन्यांचे शेअर घेणारा फंडही लाल. दोघांच्या चढउतारांत मात्र बराच फरक पडू शकतो. तेव्हा ‘दोन्ही लालच आहेत, कोणताही घ्या’ असे कुणी म्हणाले तर पैसे कोणत्या कंपन्यांत जातात ते विचारा.

आणि हिरवा? इथे शेतकरी वाचकांना एक ओळखीची खूण आठवेल. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकट तिरकी करून दोन त्रिकोण छापलेले असतात आणि खालच्या त्रिकोणात रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य विषारी. हिरव्या त्रिकोणाच्या डब्यावरही सावधगिरीचा इशारा लिहिलेला असतोच. हिरवे लेबल आहे म्हणून कुणी ते औषध उघड्या हाताने कालवत नाही. रिस्कोमीटरचा हिरवाही असाच आहे. तो ‘कमी जोखीम’ सांगतो, ‘जोखीम नाही’ असे सांगत नाही.

हा काटा कायमचा एका जागी नसतो. फंडांना दर महिन्याला जोखीम पुन्हा मोजावी लागते. पायरी बदलली तर गुंतवणूकदारांना ईमेल किंवा एसएमएसने कळवावे लागते. असा संदेश आला तर जाहिरात समजून पुसून टाकू नका. योजना घेताना काटा ‘मध्यम’ वर होता आणि आता ‘जास्त’ वर गेला असेल तर फंडाने घेतलेले रोखे बदलले आहेत, असा त्याचा अर्थ असू शकतो. का बदलले ते वितरकाला विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

ज्या कागदावर रंगच नाही

म्युच्युअल फंडावर तबकडी असते म्हणून अनेकांना तो धोक्याचा वाटतो आणि पतसंस्थेच्या ठेवपावतीवर काहीच नसते म्हणून ती निर्धास्त वाटते. हा समज महागात पडतो. रंग नसणे म्हणजे जोखीम नसणे नव्हे. त्या कागदावर जोखीम रंगात दाखवण्याची पद्धत नाही, एवढेच. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही धरले जाते. सहकारी पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. गल्लीतल्या भिशीला तर नाहीच. नावात ‘बँक’ आहे की ‘पतसंस्था’, हा एक शब्द रंगीत छपाईपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातो.

अपरिचित कंपनी जास्त व्याजाच्या आशेने ठेवी मागत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर तिला ठेवी घेण्याची परवानगी आहे का ते पाहता येते. तक्रारही तिथे करता येते.

आजचा लाल, आजचा हिरवा

मोबाइलवर गुंतवणुकीचे ॲप उघडले की आकडे लाल-हिरव्या रंगांत दिसतात. इथे रंग वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो: कालच्या बंद भावापेक्षा आज भाव वर आहे की खाली? तुम्ही १०,००० रुपये गुंतवले होते आणि आज त्यांचे ११,४०० झाले आहेत, पण दिवसभरात अर्धा टक्का घसरण झाली, तर पडद्यावर ५७ रुपये लाल रंगात दिसतील. १,४०० रुपयांचा फायदा तसाच आहे, तरी मन खट्टू होते. दिवसातून चार वेळा ॲप उघडणारा माणूस घाबरून एसआयपी बंद करतो, ती बऱ्याचदा अशाच एखाद्या लाल आकड्यामुळे. वीस वर्षांच्या बचतीला रोजचा रंग पाहण्याची गरज नसते.

चीनमध्ये भाव वाढला की आकडा लाल होतो आणि पडला की हिरवा, कारण तिथे लाल रंग शुभ. आपल्याला तरी लाल कुठे परका आहे? व्यापाऱ्यांच्या खतावण्या लाल कापडात बांधलेल्या असत, दिवाळीला त्यांची पूजा होई आणि पहिल्या पानावर कुंकवाचे बोट उमटे. २०१९ मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी अर्थसंकल्पाची कागदपत्रे चामडी पेटीऐवजी लाल कापडी बस्त्यात आणली, ती याच परंपरेतून. म्हणजे वहीचे लाल बासन शुभ आणि पडद्यावरचा लाल आकडा घसरणीचा. रंग एकच आहे, फक्त ठरवणारे वेगळे.

हिरव्या आकड्याचा गैरवापर कसा होतो तेही जाणून घ्या. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या गटातून शेअर बाजाराचे एखादे ‘खास’ ॲप घ्यायला सांगतात. त्यात पैसे भरले की आकडे रोज हिरवे होत जातात. पाच हजारांचे आठ, आठाचे वीस. सुरुवातीला थोडी रक्कम परतही देतात, म्हणजे विश्वास बसतो. मोठी रक्कम काढायला गेले की ‘आधी कर भरा’ असे सांगतात आणि मग गट गायब. तो हिरवा बाजाराने दिलेला नव्हता, ठगाने रंगवलेला होता. सुरुवातीच्या दोन प्रश्नांपैकी दुसरा इथेच उपयोगी पडतो. शेअरची खरेदी-विक्री सेबीकडे नोंदणी असलेल्या दलालामार्फतच करा. दलालाचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

समोरच्याच्या फोनवरची हिरवी खूण

भाजीवाल्या ताई, पानटपरीवाले, रिक्षाचालक, किराणा दुकानदार यांनी हा भाग जरूर वाचावा. गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करते, फोन वळवून हिरवी ‘बरोबर’ची खूण दाखवते आणि पिशवी उचलून निघून जाते. गर्दीच्या वेळी आपण मान हलवतो. पण ती खूण गिऱ्हाइकाच्या फोनवर आहे, आपल्या खात्यात नाही. हुबेहूब तसाच हिरवा पडदा दाखवणारी बनावट ॲप आहेत. जुन्या व्यवहाराचा स्क्रीनशॉटही पुढे केला जातो. रंग, खूण, नाव, रक्कम, सगळे बरोबर असते. फक्त पैसे आलेले नसतात.

पैसे आले की नाही हे सांगणारी जागा एकच, तुमचे स्वतःचे खाते. आपल्या ॲपमधली जमा रकमेची नोंद पाहा किंवा खात्यातली शिल्लक तपासा. दुकानात साउंडबॉक्स लावला असेल तर तो बोलल्याशिवाय माल देऊ नका. रक्कम जमा झाल्याचा एसएमएस एखाद्या खासगी मोबाइल क्रमांकावरून आला असेल तर तो बँकेचा नव्हे. ‘थांबा हं, आवाज येऊ द्या’ असे म्हणण्यात गिऱ्हाइकाचा अपमान नाही. दहा रुपयांची नोटही आपण हातात घेतल्यावरच मोजतो.

याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे ‘तुमचे पैसे आले आहेत, हिरवे बटण दाबून पिन टाका’ असा निरोप. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात, मग बटण कोणत्याही रंगाचे असो. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. इथे तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो; रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता आली तरच ती परत मिळण्याची आशा.

हिरव्या आणि लाल यांच्यामध्ये एक पिवळा किंवा नारिंगी घड्याळाचा पडदाही येतो: व्यवहार प्रलंबित. तो दिसला की लोक घाईने पुन्हा पैसे पाठवतात आणि कधी कधी दोन्ही रकमा जातात. थोडे थांबा, खाते तपासा. पैसे तुमच्या खात्यातून गेले पण समोरच्या व्यक्तीला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे ते व्यवहाराच्या दिवसानंतर एका दिवसात आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा.

नोटा आणि धनादेश

नोटांचे रंग कामाचे आहेत. ५०० ची राखाडी, २०० ची गडद पिवळी, १०० ची जांभळट, ५० ची निळी, २० ची हिरवट पिवळी आणि १० ची चॉकलेटी. पण संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली २० आणि २०० ची गल्लत सहज होते. म्हणून रंगाबरोबर लांबीही वेगळी ठेवली आहे: २० ची नोट १२९ मिलिमीटर, तर २०० ची १४६.

खरेपणा तपासताना नोटेचा मुख्य रंग उपयोगाचा नाही. रंगीत छपाई कुणीही करू शकतो. बदलणारा रंग पाहा. १००, २०० आणि ५०० च्या नोटेतला सुरक्षा धागा नोट तिरकी केली की हिरव्याचा निळा होतो. २०० आणि ५०० च्या नोटेवर उजवीकडे खाली छापलेला आकडाही तसाच रंग पालटतो. मोठी रक्कम घेताना एवढे पाहायला दोन सेकंद पुरतात.

धनादेशाची पार्श्वभूमी फिकट का असते, असा प्रश्न काहींना पडतो. आता धनादेश बँकांमध्ये कागदाच्या रूपाने फिरत नाही, त्याचे चित्र फिरते. फिकट कागदावर गडद शाई चित्रात स्वच्छ उमटते. म्हणून निळ्या किंवा काळ्या गडद शाईनेच लिहा. खाडाखोड झाली तर नवा धनादेश घ्या.

रंगासोबत दुसरी खूण

पुष्कळ माणसांना, विशेषतः पुरुषांना, लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. कित्येकांना ते स्वतःलाही ठाऊक नसते. वयाबरोबर मोतीबिंदू आला की रंग मंदावतात ते वेगळेच. म्हणून चांगल्या रचनेत रंग एकटा नसतो. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर शाकाहारासाठी हिरवा गोल आणि मांसाहारासाठी तपकिरी गोल असे. दोन्ही गोलच असल्याने रंग न ओळखणाऱ्याची अडचण व्हायची. नव्या नियमात मांसाहाराच्या खुणेसाठी त्रिकोण आला. नोटेवरही १०० ला उंचावलेला त्रिकोण, २०० ला इंग्रजी एच आणि ५०० ला गोल अशी बोटाला कळणारी खूण आहे. दृष्टिहीनांसाठी रिझर्व्ह बँकेचे ‘मणि’ हे ॲप कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट किती रुपयांची ते बोलून सांगते, तेही इंटरनेटशिवाय.

एखादा एजंट तुमच्यापुढे योजनेच्या पत्रकाची झेरॉक्स ठेवेल. त्यात तबकडीचे सहाही रंग एकसारखे राखाडी झालेले असतील. अशा वेळी काट्यापुढचा शब्द मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा: माझे पैसे मला अमुक महिन्यात लागणार आहेत, तेव्हा हा शब्द माझ्यासाठी काय अर्थाचा? उत्तर तोंडी नको, त्याच झेरॉक्सच्या पाठीवर तारीख घालून लिहून घ्या.